कंपनी गावाशी बोलायला येते तेव्हा : बेळगाव सीमाभागातल्या गावांनी कधी आणि काय करावं

आमच्या पंचायतीच्या फळ्यावर एक नोटीस तीन आठवडे लावलेली होती. कन्नडमध्ये, बारीक अक्षरात. सुगीचे दिवस होते. लोक पहाटे शेतात जायचे आणि अंधार पडल्यावर परतायचे. जनसुनावणीला चार दिवस उरले असताना हायस्कूलला जाणाऱ्या एका मुलीनं ती वाचून घरी सांगितली आणि मग गावभर धावपळ उडाली. आम्ही सुनावणीला गेलो. तीसेक जण घसा कोरडा होईपर्यंत बोललो. पुढं इतिवृत्ताची प्रत हातात आली, तेव्हा त्या सगळ्या बोलण्याची त्यात एकच ओळ सापडली : गावकऱ्यांनी पाणी व रोजगाराबाबत मागणी केली.

कुणी मुद्दाम काटछाट केली असं मी म्हणणार नाही. आमच्या बोलण्यात राग होता, पण लिहून घेण्यासारखं मोजमाप नव्हतं. शिवाय शेवटी इतिवृत्त वाचून दाखवलं, तेव्हा आमच्यातले निम्म्याहून जास्त लोक धारा काढायला घरी निघून गेले होते. त्या दिवसानंतर मी हे कायदे आणि कागद शिकत गेलो, आसपासच्या गावांबरोबर बसत गेलो. त्यातून जे हाती लागलं ते इथं क्रमानं लिहितो.

आपल्या जिल्ह्याला मोठे उद्योग नवे नाहीत. यमनापूरला हिंडाल्कोची ॲल्युमिना रिफायनरी आहे, हत्तरगीला एक्वसची विमानांच्या सुट्या भागांची वसाहत आहे, उद्यमबागेत फाउंड्री आहेत आणि निपाणी-चिकोडीपासून अथणीपर्यंत साखर कारखाने आहेत. गावाशी बोलणं प्रत्येक कंपनीला भागच असतं. काही ठिकाणी कायद्यानं, काही ठिकाणी गरजेपोटी. ते बोलणं कोणत्या दारातून चाललंय हे ओळखलं, की पुढचं बरंच सोपं होतं.

आधी कागद कोणता ते ओळखा

गावात जीप आली, कुणीतरी मोजणी केली, चहाच्या टपरीवर चर्चा झाली, एवढ्यावर काही ठरत नाही. पहिला प्रश्न असा : कोणत्या कायद्याखाली आणि कोणत्या कलमाखाली?

कर्नाटकात उद्योगासाठी जमीन बहुतेक वेळा केआयएडीबी, म्हणजे औद्योगिक क्षेत्र विकास मंडळ घेतं. त्याचा कायदा १९६६ चा. कलम २८(१) ची अधिसूचना ही सुरुवात. मग २८(२) ची नोटीस जमीनमालकाला येते आणि हरकत घ्यायला किमान ३० दिवस मिळतात. हरकतीवर सुनावणी होते आणि २८(४) ची अंतिम अधिसूचना निघाली की जमीन हातची गेली असं समजा. म्हणून जी काही धडपड करायची ती त्या ३० दिवसांत. हरकत लेखी द्या, सर्वे नंबर लिहा, विहीर, झाडं, पाइपलाइन, घर, सगळं नोंदवा. दर सहमतीनं ठरवून करारावर सही केली, तर पुढं कोर्टात जाऊन दर वाढवून मागण्याची वाट जवळजवळ बंद होते. सही करण्याआधी वकिलाला विचारा, आणि तो वकील कंपनीच्या माणसानं सुचवलेला नसावा.

दुसरी वाट जास्त गुपचूप आहे. २०२० मध्ये कर्नाटकानं जमीन सुधारणा कायद्यातली बंधनं काढली, त्यामुळं शेतकरी नसलेल्यालाही आता शेतजमीन विकत घेता येते. कंपनीचं नाव कुठंही न येता एजंट एकेका घरी जातात, संचकार, म्हणजे विसार, देतात आणि मधली दोन एकरं घेऊन झाली की उरलेल्यांची वाट अडते. गावात एकाच महिन्यात तीन-चार संचकार झाले असतील तर उपनिबंधक कार्यालयात जाऊन खरेदीदार कोण, ते पाहा.

रस्त्यासाठीची जमीन हा वेगळाच मामला. तिथं १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा लागतो आणि हरकतीला फक्त २१ दिवस मिळतात. हलगा-मच्छे बायपासमधल्या शेतकऱ्यांना पिकाऊ जमिनीसाठी किती वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, ते बेळगावकरांना सांगायला नको.

आणि जमीन लागणारच नसेल, कंपनी फक्त शाळेला बाकं द्यायला आली असेल, तर तो सीएसआरचा, म्हणजे कंपनीनं सामाजिक कामावर करायच्या खर्चाचा मामला. त्याकडं पुढं वळू.

कंपनी गावाचा नकाशा काढते, तुम्हीही काढा

मोठ्या कंपनीचा जनसंपर्काचा माणूस गावात येतो तेव्हा त्याच्याकडं एक यादी असते. पंचायतीचे अध्यक्ष, सदस्य, आमदारांच्या जवळचा माणूस, देवस्थान कमिटी, युवक मंडळ, स्त्रीशक्ती संघ, वार्ताहर. प्रत्येकाच्या नावापुढं दोन गोष्टी लिहिलेल्या असतात : याचं वजन किती, आणि याला या प्रकल्पाशी कितपत घेणंदेणं आहे. ज्यांचं वजन जास्त त्यांच्याशी रोज बोलायचं, बाकीच्यांना माहिती द्यायची. ही जगभरची रीत आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण या यादीतून जे सुटतात त्यांचंच सगळ्यात जास्त जातं.

कोण सुटतं? उताऱ्यावर नाव नसलेला वाटेकरी. गायरानात मेंढरं चारणारा धनगर. खानापूर भागात मातीवर पोट असलेला कुंभार. गावच्या खालच्या अंगाला बोअरवेलचं पाणी भरणाऱ्या बायका. नोकरीसाठी पुण्यात गेलेला आणि जमिनीत हिस्सा असलेला भाऊ. म्हणून गावाची स्वतःची यादी हवी. गल्लीवार बसा, प्रत्येक घरापुढं लिहा : जमीन किती, पाणी कुठलं, जनावरं किती, कामाला कुठं जातात. दोन संध्याकाळी पुरतात. हीच यादी पुढं सुनावणीत, नुकसानभरपाईत आणि नोकरीच्या बोलणीत कामाला येते.

दुसरी गोष्ट म्हणजे एक जाडजूड वही. कंपनीचा माणूस आला की तारीख, वेळ, नाव, हुद्दा, काय म्हणाला, काय देतो म्हणाला, कोण हजर होतं. त्याला वाचून दाखवा आणि सही मागा. सही दिली नाही तर तसं लिहा. कंपनीत माणसं बदलतात. आज ज्यानं शब्द दिला तो दीड वर्षानं जामनगरला असतो, आणि नवा साहेब खरोखरच म्हणतो की मला काही माहीत नाही. तेव्हा गावाकडं फक्त वही उरते.

बोलणी करायला पाच-सात जणांची कमिटी करा. त्यात किमान दोन बायका, एक भूमिहीन, एक तरुण कन्नड नीट लिहिणारा. गावात कन्नड घरं असतील तर ती कमिटीत हवीतच. पाणी बिघडलं की ते भाषा विचारून बिघडत नाही. एकट्यानं कुणीही कंपनीच्या ऑफिसात जायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी करा. यात कुणावर अविश्वास दाखवायचा नाही. एकटा गेलेला माणूस स्वच्छ असला तरी गावात कुजबूज सुरू होते आणि कमिटी फुटते.

ग्रामसभेचा ठराव

कर्नाटकाच्या १९९३ च्या पंचायत राज कायद्याप्रमाणं ग्रामपंचायत हद्दीत कारखाना उभारायला, यंत्रं बसवायला पंचायतीची परवानगी लागते. औद्योगिक वसाहतीत गणित बदलतं, तरी विषय ग्रामसभेपुढं आणायला काही अडत नाही. पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, लेखी पत्र द्या, पोच घ्या, ठराव सभेतच लिहून घ्या आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत मागा. ठरावात नुसता विरोध किंवा नुसता पाठिंबा लिहू नका. अटी लिहा.

जनसुनावणी : इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

पर्यावरण परवानगी लागणाऱ्या मोठ्या प्रकल्पांना केंद्राच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार लोकांचं म्हणणं ऐकावं लागतं. पण सगळ्यांनाच नाही. प्रकल्प बी-२, म्हणजे कमी परिणामाच्या प्रवर्गात टाकला असेल किंवा मंजूर औद्योगिक वसाहतीच्या आत असेल तर सुनावणी होत नाही. म्हणून परिवेश या सरकारी संकेतस्थळावर प्रकल्पाचं नाव टाकून प्रवर्ग आधी बघा. तो चुकीचा वाटला तर लगेच लेखी कळवा. परवानगी निघाल्यावर ओरडून उपयोग नसतो.

सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात जाहिरात यायला हवी. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा जवळच व्हायला हवी. जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाच्या खाली नसलेला अधिकारी अध्यक्ष असतो. प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, त्या अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा पंचायतीत, जिल्हा उद्योग केंद्रात वाचायला ठेवलेला असतो. तो कुणीही मागू शकतो.

इथं आपली अडचण भाषेची. अहवालाचा सारांश इंग्रजीत आणि आपल्याकडं कन्नडमध्ये येतो. मराठी सारांश हवा, असं पत्र मंडळाला आणि कंपनीला जाहिरात आल्याच्या आठवड्यातच द्या. वीस-तीस पानांचं भाषांतर करून देणं कंपनीला काहीच जड नसतं, मागणारा लागतो. संविधानाचं कलम ३५० सांगतं की गाऱ्हाणं मांडणारा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो. तेव्हा तुमचा अर्ज मराठीत चालतो. मी मात्र नेहमी मराठी मूळ अर्जाला कन्नड प्रत जोडतो. हक्क मूळ अर्जानं राखला जातो आणि कन्नड प्रतीमुळं तो टेबलावर लवकर वाचला जातो. कुठं अडवणूक झालीच तर भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या आयुक्तांकडं दाद मागता येते. त्यांची नेमणूक कलम ३५०-ब खाली होते.

सुनावणीच्या आधी एक बैठक घेऊन प्रश्न वाटून घ्या. एकानं पाणी, एकीनं धूळ आणि राख, एकानं रस्ता, एकानं नोकरी. प्रत्येकानं आपला प्रश्न लिहून आणायचा, बोलायचा आणि तोच कागद अध्यक्षांकडं देऊन पोच घ्यायची. मुद्दा मोजता येईल असा हवा. आम्ही तेव्हा म्हणालो, आमच्या विहिरी आटतील. आज असं लिहू :

प्रकल्पाच्या दोन किलोमीटरच्या आतल्या सगळ्या विहिरी-बोअरवेलची पाण्याची पातळी काम सुरू होण्याआधी मोजा, मालकाची सही घ्या, दर वर्षी मे महिन्यात पुन्हा मोजा आणि आकडे पंचायतीच्या फळ्यावर लावा. पातळी घटली तर अमुक दिवसांत टँकर, आणि तो कुणाच्या खर्चानं.

किंवा, ट्रक गावातून जाऊ नयेत, असं म्हणण्याऐवजी : शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी, सकाळी नऊ ते दहा आणि संध्याकाळी चार ते पाच, गावच्या रस्त्यावर अवजड वाहन नको, राख झाकून न्यावी, रस्ता खचला तर दुरुस्ती कंपनीनं करावी. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीसाठी : स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीचं सांडपाणी, कुठं साठवणार, तलावाला अस्तर कसलं, पावसाळ्यात तो भरला तर काय, ओढ्याला जाणारी एकही चर राहणार नाही याची तपासणी कोण करणार. बळ्ळारी नाला पावसाळ्यात शेतात शिरला की काय होतं ते वडगाव-शहापूरच्या शेतकऱ्याला विचारा. वाहतं पाणी काय काय घेऊन येतं हे त्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

एवढा आटापिटा कशासाठी? केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं ३० सप्टेंबर २०२० ला काढलेल्या आदेशाप्रमाणं सुनावणीत आलेल्या मुद्द्यांवर कंपनीनं दिलेली आश्वासनं पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात, प्रत्यक्ष कामाच्या रूपात यायला हवीत. काम मोजता येईल असं मागितलं असेल तरच ते अट म्हणून लिहिता येतं. "गावाचा विकास करू" या वाक्याची अट होत नाही.

शेवटचा अर्धा तास सोडू नका. इतिवृत्त त्याच दिवशी लोकांच्या भाषेत समजावून वाचून दाखवायचं असतं आणि अध्यक्षांची सही त्याच दिवशी व्हायची असते. मुद्दा सुटला असेल तर तिथंच उठून सांगा. धारा काढायला घरातल्या कुणाला तरी ठेवून या. चित्रीकरण होतं, त्याची प्रतही मागा. ज्यांना येता आलं नाही त्यांनी पोस्टानं लेखी म्हणणं पाठवलं तरी ते धरलं जातं.

साखर कारखान्याचं नातं वेगळं

इथं गावकरी शेजारीही असतो आणि माल पुरवणाराही, म्हणून बोलायला जीभ जड होते. तक्रार केली तर ऊसतोड टोळी उशिरा येईल ही भीती खरी आहे. अशा वेळी तक्रार एकट्याच्या नावानं करू नका, गावच्या शंभर ऊस उत्पादकांच्या सह्यांनी करा. १९८१ साली निपाणीत तंबाखू उत्पादक महामार्गावर बसले, तेव्हा एकेकट्या शेतकऱ्याला कुणी विचारत नव्हतं.

कायद्याचं बळ असं : १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, २०२५-२६ साठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये ठरला होता. काटामारीचा संशय असेल तर कारखान्याच्या काट्याआधी बाहेरच्या काट्यावर वजन करून पावती जपा आणि वजनमाप खात्याला लिहा. सहकारी कारखान्याचे सभासद असाल तर वार्षिक सर्वसाधारण सभेत लेखी प्रश्न विचारता येतो. खासगी कारखान्याला ते दार नाही, तिथं ऊस आयुक्त आणि जिल्हाधिकारी.

सीएसआर मागताना

२०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. नफा संपूर्ण कंपनीचा धरतात, आपल्या शिवारातल्या कारखान्याचा नाही. आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायदा म्हणतो, पण आपल्याच गावाला अमुक रक्कम असा हक्क त्यातून निघत नाही. त्यामुळं चांगला प्रस्ताव हीच आपली ताकद.

कंपनीचा वर्षभराचा सीएसआर आराखडा तिच्या संकेतस्थळावर असतो. तो वाचा, त्यातल्या विषयाला धरून मागा. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत प्रस्ताव पोचला पाहिजे. प्रस्ताव दोन पानांचा पुरतो : अडचण, किती घरं, काय करायचं, अंदाजपत्रक, जागा कुणाच्या नावावर, पंचायतीचा ठराव आणि देखभाल कुणी करायची. एखाद्या संस्थेमार्फत काम होणार असेल तर ती संस्था कंपनी खात्याकडं सीएसआर-१ अर्जानं नोंदलेली हवी.

देखभालीवर मी जास्त जोर देतो. आमच्या शेजारच्या गावात एका कंपनीनं पिण्याच्या पाण्याचं शुद्धीकरण यंत्र बसवलं. उद्घाटनाला मंडप, नारळ, फोटो. आठ महिन्यांनी फिल्टर संपला आणि तो कुणी बदलायचा हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. वीजबिल पंचायतीच्या नावावर थकलं. शेडला आजही कुलूप आहे आणि त्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बाया पुन्हा जुन्या हातपंपावर जातात. मला ते कुलूप दिसलं की वाईट वाटतं, कारण यंत्र चांगलं होतं आणि देणाऱ्याची नियतही वाईट नव्हती. तीन वर्षांचा देखभाल करार आणि पाच रुपये कॅनचा हिशेब पहिल्या दिवशी लिहिला असता तर ते आज चालू असतं.

आणखी एक. पर्यावरण परवानगीच्या अटीतलं काम सीएसआरमध्ये दाखवता येत नाही. कायद्यानं सक्तीचं असलेलं काम सीएसआर नव्हे असं नियमच सांगतात. झाडं लावणं अटीत असेल तर त्याचा फलक सीएसआरचा का, हे विचारा.

नोकरी

"स्थानिकांना प्राधान्य" हे शब्द ऐकून समाधान मानू नका. स्थानिक म्हणजे कोण, हे लिहून घ्या : प्रकल्पापासून अमुक किलोमीटर, किंवा अमुक पंचायतीतला मतदार. जुलै २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मंजूर केलेल्या आणि मग थांबवलेल्या विधेयकात स्थानिकाला कन्नड बोलता, वाचता, लिहिता यावं अशी अट होती. तो कायदा झालेला नाही. तरीही मराठी शाळेत शिकणाऱ्या आपल्या पोरांनी कन्नड पक्कं करावं असं मला मनापासून वाटतं. मराठी घरात जपावी आणि कन्नड येत नाही म्हणून कुणाचंही दार बंद होऊ नये.

कंपनीकडं कायमच्या जागा किती, कंत्राटी किती, कंत्राटदार कोण, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारा. आयटीआय झालेल्या मुलांसाठी अप्रेंटिसशिप मागा. तीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला कामगारसंख्येच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, त्यामुळं ही मागणी टाळता येत नाही.

काम सुरू झाल्यावर

परवानगी मिळाली की कंपनीनं तिची प्रत पंचायतीला द्यायची असते आणि पंचायतीनं ती ३० दिवस लावायची असते. मिळाली नसेल तर पीडीओंना विचारा. परवानगीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या चेन्नई खंडपीठाकडं ३० दिवसांत अपील करता येतं. उशिराचं सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत.

शेअर बाजारातल्या बाजारमूल्यानं पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल द्यावा लागतो. त्यात लोकवस्तीकडून किती तक्रारी आल्या आणि किती उरल्या, याचा तक्ता असतो. म्हणून तक्रार तोंडी करू नका. ईमेल करा, स्पीड पोस्ट करा, नंबर घ्या. मग तो तक्ता काढून बघा. तुमच्या गावानं चार तक्रारी दिल्या आणि तिथं शून्य असेल, तर तो तक्ता आणि तुमच्या पोचपावत्या जोडून कंपनीच्या मुख्य कार्यालयाला पत्र पाठवा. बंगळूर-मुंबईत बसलेल्या साहेबांना कारखान्यातल्या साहेबापेक्षा अशा पत्राची काळजी जास्त असते.

कंपनीकडून माहिती मिळत नसेल तर प्रदूषण मंडळाकडं माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराला ३० दिवस. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, तेव्हा पाण्याच्या नमुन्यांचा वेगळा अर्ज आणि हवेचा वेगळा.

कंपनी अटी पाळते का याचा सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. या दोन तारखा कमिटीच्या वहीच्या पहिल्याच पानावर लिहा. त्या आठवड्यात अहवाल उतरवून घ्या, एक संध्याकाळ देवळाच्या कट्ट्यावर बसा, प्रत्येक अट मोठ्यानं वाचा आणि पुढं लिहा : झालं, नाही झालं, पाहिलं नाही. "पाहिलं नाही" असं जिथं येईल, तिथं दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी जाऊन पाहून यायचं.